गरिबीविरुद्ध आपण कॅथलिक लोक पुण्यात राहून काय काय करू शकतो, एकेक पायरी नीट

नाताळ जवळ आला की आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, ब्लँकेटं गोळा होतात, जुने कपडे येतात, वस्तीत केक वाटतो आपण, आणि हे सगळं मनापासून होतं. पण त्याच घरात जानेवारीच्या शेवटी परत जाऊन बघा. ब्लँकेट आहे, पण रेशन बंदच आहे, मुलीची फी थकलेलीच आहे, सासऱ्यांचं ऑपरेशन पैशांसाठी अडलेलंच आहे. गरीब घराला देणारे भेटतात, पाठपुरावा करणारं कोणी भेटत नाही, आणि माझ्या मते आपल्यासारख्या मध्यमवर्गीय कॅथलिकांना सगळ्यात चांगलं जमण्यासारखं काम तेच आहे, कारण आपल्याला फॉर्म भरता येतो, साहेबाशी बोलता येतं, आणि काम झालं नाही तर परत जायला रिक्षाचे पैसे असतात. खाली जे लिहिलंय ते घरापासून सुरू होतं आणि आफ्रिकेपर्यंत जातं, क्रम मुद्दाम तसाच ठेवलाय.

आधी थोडं का करायचं याबद्दल

मत्तयच्या शुभवर्तमानातला 25वा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलाय. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा विचारतो काय तर भुकेल्याला खायला दिलंत का, उघड्याला कपडे दिलेत का, आजारी माणसाला आणि तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. तो भुकेला कुठल्या धर्माचा होता हे त्यात कुठेच येत नाही, म्हणून "आधी आपल्या लोकांना" हा वाद पॅरिशच्या मीटिंगमध्ये निघाला की मी तोच अध्याय काढते. दुसरं म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कॅनन लॉमध्ये, 222व्या कलमात प्रत्येक श्रद्धावंतावर दोन बंधनं सोबत घातलीयेत, सामाजिक न्यायासाठी झटायचं आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करायची. बहुतेक जण दुसरं करतात आणि पहिलं विसरतात.

आकडा पण माहीत असू दे. वर्ल्ड बँकेने जून 2025 मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला 3 डॉलर केली, म्हणजे आजच्या रेटने रुपये करून बघायचे असं नाही, त्या त्या देशातल्या महागाईप्रमाणे तो हिशोब असतो, आणि त्या रेषेखाली जगात 80 कोटींच्या आसपास माणसं आहेत, निम्म्याहून जास्त आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला. हा आकडा बघून माणूस गार पडतो, माझ्या 500 रुपयांनी काय होणार असं वाटतं. म्हणूनच जवळून सुरू करा.

पहिली पायरी: आपल्या घरी काम करणाऱ्या मावशी

हे वाचून काही जणांना राग येईल पण इथूनच सुरुवात आहे. कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या पुस्तकात, स्वर्गाकडे आक्रोश करणारी पापं म्हणून जी सांगितलीयेत त्यात मजुराची मजुरी बुडवणं आहे, खुनाच्या रांगेत. आणि पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्येच लिहून ठेवलंय की मजुरी एवढी पाहिजे की कामगाराचं घर साधेपणाने का होईना पण नीट चाललं पाहिजे, दोघांनी मिळून रक्कम कबूल केली म्हणून ती न्याय्य होत नाही. म्हणजे "सोसायटीत रेटच तेवढा आहे" हे उत्तर चालत नाही.

तर काय करायचं: आठवड्याला एक सुट्टी पगारी, आजारी पडल्या तर पैसे कापायचे नाहीत, आपण गावाला गेलो तरी महिन्याचा पगार पूर्ण, वर्षातून एकदा न मागता वाढ, आणि सणाला एक महिन्याचा बोनस, तो त्यांच्या सणाला, आपल्या नाही. मग त्यांचं ई-श्रम कार्ड आहे का विचारा. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे, फुकट आहे, आधार, बँक खातं आणि मोबाईल असला की तुमच्याच फोनवरून चहा होईपर्यंत होतं. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा वेगळा कायदा आणि कल्याण मंडळ पण आहे, नोंदणी कामगार खात्याकडे होते. पुण्याला तर या बाबतीत इतिहास आहे, 1980 मध्ये इथल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आणि देशभर घरकामगारांची चळवळ ज्यांनी 1985 पासून बांधली त्या सिस्टर जीन डेव्होस या आपल्याच एक सिस्टर, बेल्जियममधून आलेल्या.

दुसरी पायरी: जोडीने एका घरी जा, आणि जात राहा

नवीन काही शोधायची गरज नाही, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हेच करते. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या 20 वर्षांच्या कॉलेजच्या पोराला कोणीतरी विचारलं की तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी करते काय, आणि उत्तर म्हणून तो आणि त्याचे मित्र लाकडं घेऊन गरिबांच्या घरी जायला लागले. कोणाकडे कसं जायचं, कसं बोलायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवलं, त्या त्याच वस्तीत काम करायच्या. आज पुण्यात बऱ्याच पॅरिशमध्ये या सोसायटीची कॉन्फरन्स, म्हणजे शाखा, असते, बहुतेक ठिकाणी रिटायर्ड मंडळीच चालवतात, त्यांना तरुण माणसं हवीच आहेत. रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरना विचारा, आणि आपल्याकडे नसेल तर चार-पाच जण मिळून सुरू करता येते.

जाताना काही गोष्टी पाळा. दोघांनीच जा, पाच जणांचं टोळकं नको. आधी फोन करा. जेवायच्या वेळी जाऊ नका. ते सांगतील तिथे बसा आणि चहा दिला तर प्या, नाही म्हणू नका, त्यांच्या घरात त्यांना यजमान असू द्या. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला तर अजिबात नाही. पहिल्या भेटीत फॉर्म, फाइल काही काढू नका, नुसतं ऐका. जे नक्की करू शकता तेवढंच कबूल करा. मदतीच्या बदल्यात चर्चला या, प्रार्थनेला बसा असलं काही सुचवायचंसुद्धा नाही, हे चुकीचंच आहे आणि आजच्या वातावरणात त्या घराला पण त्रासाचं ठरेल. एका जोडीने एकच घर घ्या आणि निदान वर्षभर धरा.

पाठपुरावा म्हणजे नक्की काय असतं ते एका उदाहरणाने सांगते. येरवड्याच्या बाजूला राहणाऱ्या एक ताई, मूळच्या श्रीरामपूरकडच्या, नवरा वारलेला, दोन मुलं, चार सोसायट्यांमध्ये भांडी. रेशन कार्ड गावाकडचं, त्यांची समजूत अशी की गावचं कार्ड पुण्यात चालत नाही, म्हणून किराणा दुकानातून तांदूळ विकत घेत होत्या. प्रत्यक्षात आता कार्ड कुठलंही असो, आधारला जोडलेलं असेल आणि नाव अन्नसुरक्षा यादीत असेल तर कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. आम्ही दोघी त्यांच्यासोबत जवळच्या दुकानात गेलो. मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला, जुळेना. पदराला पुसून परत ठेवला, परत लाल लाइट. वर्षानुवर्षं भांड्याच्या पावडरीत हात राहिले की बोटांवरच्या रेषाच झिजून जातात. दुकानदार म्हणाला उद्या या. अशा वेळी एकटी बाई घरी जाते आणि परत येत नाही, कारण उद्या म्हणजे अजून एका दिवसाचा खाडा. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात हे आम्हाला माहीत होतं म्हणून दुसरी बोटं लावून बघूया म्हटलं, आणि डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लागलं, मशीनमधून पावती बाहेर आली. तिघांचं मिळून 15 किलो धान्य, फुकट, कारण जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षा यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलोला पैसे लागत नाहीत. नंतर आधार सेंटरवर जाऊन बोटांचे ठसे अपडेट करून घेतले आणि तिघांचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) पण, ते राहिलं तर नाव वगळलं जातं.

एवढंच काम होतं. पैसे शून्य लागले, एक सकाळ गेली.

तिसरी पायरी: कागद

प्रत्येक घरासाठी एक प्लास्टिकची फाइल करा आणि ती त्यांच्याकडेच ठेवा, तुमच्याकडे नको. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो, तहसीलदारांचा असतो, आणि तो जवळजवळ सगळीकडे लागतो, म्हणून आधी तोच काढा. मृत्यूची नोंद गावात कोणी केलीच नसेल तर वर्ष उलटल्यावर वेगळा आदेश आणावा लागतो, अशा वेळी चर्चच्या रजिस्टरमधली दफनाची नोंद जोडा, पुरावा म्हणून मदत होते.

मग योजना. विधवा, दिव्यांग, टाकलेल्या बायका यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, महिना 1500 रुपये (दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500), वय 65 पर्यंत, पुढे म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना. उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 आहे (दिव्यांगांना जास्त), आणि रेशनच्या प्राधान्य यादीसाठी शहरात 59,000. हे आकडे आजच्या पुण्यात इतके कमी आहेत की वाचून चीड येते. रोज राबणारी बाई या अटीत बसायची कशी? मला वाटतं हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना लेखी विचारणं हे पण कॅथलिक काम आहे, 222व्या कलमातलं पहिलं बंधन म्हणजे तेच.

हॉस्पिटलचं मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवा. पब्लिक ट्रस्टखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवावे लागतात, पब्लिक ट्रस्ट कायद्याचं कलम 41 कक आणि हायकोर्टाने मंजूर केलेली योजना आहे. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर सवलत. इमर्जन्सीत डिपॉझिट मागता येत नाही. पुण्यातली बरीच मोठी नावाजलेली हॉस्पिटलं यात येतात, आणि आत गेल्यावर बिलिंग काउंटरवर वाद घालत बसायचं नाही, सरळ मेडिकल सोशल वर्करच्या खोलीत जायचं, रेशन कार्ड आणि दाखला ठेवायचा, लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. बेड शिल्लक नाही म्हणाले तर तेच लिहून द्या म्हणायचं. तरीही नाही झालं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या ऑफिसला तक्रार. याच्याशिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, तिथे योजनेचे आरोग्यमित्र बसतात. हे सगळं त्या घाबरलेल्या कुटुंबाला त्या रात्री सुचत नाही, तुम्हाला सुचलं पाहिजे.

चौथी पायरी: पैसा द्यायचा तर कसा

महिन्याच्या 1 तारखेला ऑटो-डेबिट लावा, रक्कम छोटी चालेल पण दर महिन्याला. संस्थेला पुढच्या महिन्यात किती येणार हे माहीत असलं की ती माणूस नेमू शकते. आणि कृपा करून "माझे पैसे फक्त वह्यांवर खर्च करा, पगारावर नको" असं म्हणू नका, वस्तीत रोज जाणाऱ्या कार्यकर्तीला पण घर आहे.

द्यायच्या आधी बघा: 80जी चं (देणगीवरच्या टॅक्स सवलतीचं) सर्टिफिकेट चालू आहे का, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे का, वार्षिक अहवाल आणि ऑडिट मागितल्यावर मिळतं का. 2000 च्या वर कॅश दिली तर टॅक्समध्ये सूट नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर 80जी ची सूट मिळतच नाही, मग निदान त्या कारणाने थांबू नका. फॉरवर्ड होऊन आलेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, मग वर मातमाउलीचा फोटो असला तरी.

कोणाला द्यायचे? देशपातळीवर कॅरितास इंडिया आहे, भारतातल्या बिशपांची समाजकार्याची संस्था, 1962 पासूनची, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, भूक आणि रोगांविरुद्ध मोहीम काढते आणि पूर-दुष्काळात स्थानिक धर्मप्रांतांमार्फत काम करते. पुण्याजवळ वढू बुद्रुकला माहेर नावाचं आश्रयघर आहे, सिस्टर लुसी कुरियन यांनी 1997 मध्ये सुरू केलेलं. एका गरोदर बाईने आसरा मागितला, त्या रात्री सोय होऊ शकली नाही, आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं, त्यातून हे काम उभं राहिलं. आज तिथे सगळ्या धर्माच्या बायका-मुलं आहेत. एकदा जाऊन या, मुलांना पण घेऊन जा.

कर्जाचं पण लक्षात ठेवा. सावकार आणि आठवड्याच्या हप्त्यांनी घरं बुडतात. वसईच्या कॅथलिकांनी 1918 मध्ये एकत्र येऊन पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. आपल्या वस्तीतल्या बायकांचा बचत गट उभा करायला एक बँकवाला पॅरिशनर पुरतो.

पाचवी पायरी: पुण्याच्या बाहेर, देशाच्या बाहेर

इथून परदेशातल्या संस्थेला कार्डने पैसे पाठवता येतात पण छोट्या रकमेत चार्जेसच जास्त जातात आणि टॅक्सचा फायदा नाही. त्यापेक्षा जो रस्ता तयार आहे तो वापरा. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन संडे असतो, 1926 मध्ये पोप पायस अकरावे यांनी ठरवलेला, त्या दिवशी जगातल्या प्रत्येक पॅरिशमधलं कलेक्शन एका सामाईक निधीत जातं आणि तिथून गरीब धर्मप्रांतांना. त्या रविवारी पाकिटात नेहमीची दहाची नोट न टाकता महिनाभर बाजूला ठेवलेले पैसे टाका. जगभरातल्या कॅरितास मिळून कॅरितास इंटरनॅशनलिस आहे, 160 हून जास्त संस्था, म्हणजे कुठेही भूकंप-युद्ध झालं तरी तिथे आपली माणसं आधीपासून असतात, बाहेरून उडून यावं लागत नाही. निर्वासितांसाठी जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस आहे, फादर पेद्रो आरुपे यांनी 1980 मध्ये व्हिएतनाममधून होड्यांनी पळालेल्या लोकांचे हाल बघून सुरू केली, भारतात तामिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळ कॅम्पमध्ये ती काम करत आलीये.

हिंजवडी-खराडीतल्या आयटीवाल्यांना एक वेगळी विनंती. तुमचा वेळ तुमच्या पैशांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. छोट्या संस्थांना अकाउंट्स, वेबसाइट, इंग्लिश अहवाल, डोनरला ईमेल हेच जमत नाही. आणि तुमच्या कंपनीला 2013 च्या कायद्याप्रमाणे नफ्यातले 2 टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांना, द्यावे लागत असतील तर एचआरला विचारा कोणाला देता, मॅचिंग (तुमच्या देणगीइतकी भर कंपनीकडून) आहे का, चांगल्या संस्थेचं नाव सुचवा. ते विचारणारं आतलं माणूस फार कमी असतं.

देशांच्या कर्जाबद्दल युथ ग्रुपमध्ये एक सेशन घ्या. आफ्रिकेतले कित्येक देश शाळा-दवाखान्यांपेक्षा जास्त पैसे व्याजावर घालवतात. लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात ज्युबिलीच्या, म्हणजे दर पन्नासाव्या, वर्षी गुलाम सोडायचे, जमीन मूळ घराला परत करायची असं आहे, म्हणून 2000 च्या आणि परत 2025 च्या ज्युबिलीत ख्रिस्तसभेने या देशांचं कर्ज कमी करा ही मागणी लावून धरली.

सहावी पायरी: आपल्याच संस्थांना प्रश्न विचारा

हे अवघड आहे पण टाळू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागा आपल्या अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. कायद्याने सूट मिळाली म्हणून सुवार्तेने मिळाली असं होत नाही. पालक म्हणून, माजी विद्यार्थी म्हणून प्रिन्सिपल सिस्टरना किंवा फादरना आदराने विचारा की आपल्या वर्गात वस्तीतली मुलं किती, फी माफी किती जणांना, निधी कमी पडत असेल तर आम्ही माजी विद्यार्थी उभा करतो. पॅरिशमध्ये फायनान्स कौन्सिल असणं कॅनन लॉने बंधनकारक आहे, तिथे सांगा की फीस्टच्या (चर्चच्या सणाच्या) कलेक्शनमधला ठरलेला भाग गरिबांसाठी आधी बाजूला काढा, मग मंडप आणि लायटिंग.

आणि सगळं कॅथलिकच पाहिजे असा हट्ट नको. कचरावेचक बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था 2008 पासून पुणे महापालिकेसोबत काम करतेय, त्यांना ओला-सुका नीट वेगळा करून द्या, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल खूण करून द्या, महिन्याचे पैसे वेळेवर द्या. बांधकामाच्या साइटवरच्या मुलांना शिकवणारी डोअर स्टेप स्कूल आहे, तिथे वाचून दाखवायला माणसं लागतात. त्या साइटवर झारखंड-छत्तीसगडकडची आदिवासी कुटुंबंही असतात, त्यातले काही आपलेच कॅथलिक, रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर बसून जातात आणि कोणी बोलत नाही त्यांच्याशी. बोला.

यंदाच्या नोव्हेंबरसाठी एक ठरवा

पोप फ्रान्सिस यांनी 2017 पासून गरिबांचा जागतिक दिवस सुरू केला, नोव्हेंबरच्या मध्यावर, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आदल्या रविवारी येतो. त्या दिवशी जेवण तर द्याच, पण पॅरिश हॉलमध्ये कागदांचा कॅम्प लावा. सप्टेंबरमध्ये फादरशी बोला, ऑक्टोबरमध्ये वस्तीत तोंडी सांगत फिरा, नुसता बॅनर पुरत नाही. एक टेबल रेशन आणि ई-केवायसीचं, एक ई-श्रमचं, एक बँक खात्याचं, एक निराधार योजनेचं, एक हॉस्पिटलच्या मदतीचं. आपल्याच पॅरिशमधले एखादे वकील, रिटायर्ड बँकवाले, नर्स आणि लॅपटॉप घेऊन बसणारी कॉलेजची मुलं एवढे लोक पुरतात. महा ई-सेवा केंद्रवाल्याला बोलावून त्याची फी पॅरिशने भरा. झेरॉक्स मशीन भाड्याने आणा, तिथेच सगळ्यात मोठी रांग लागते. पाणी, पंखा आणि लहान मुलांना खेळायला एक कोपरा ठेवा. प्रत्येक माणसाचं नाव, फोन आणि काय अडलंय ते एका वहीत लिहा, आणि पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती वही उघडून प्रत्येक अडलेल्या नावासमोर एका जोडीचं नाव घाला.